टीव्हीला शिवलेला पडदा

“मग तुम्हीच सांगा तिला, राजाने त्या बाईला बादलीत बुडवून मारलं नाही म्हणून,” सून म्हणाली. “मी फोनवर दोनदा सांगून पाहिलं. माझ्यावर विश्वासच नाही तिचा. म्हणते, आई, तू ड्यूटीवर होतीस, तू कुठे ऐकलंस?”

सासऱ्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. पडदे शिवणाऱ्या माणसाच्या तोंडात टाचण्या असायच्याच, पण भांडण सुरू झालं की त्या टाचण्या वाढतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

“आधी त्या टाचण्या काढा, बाबा.”

त्यांनी एकेक टाचणी काढली, शर्टाच्या खिशावर शिवलेल्या छोट्या उशीत टोचली, आणि शेवटची टोचून झाल्यावर म्हणाले, “मी पडदा ओढला होता. तिने काहीही पाहिलेलं नाही.”

“तेच म्हणतेय मी. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.”

मशीनच्या पलीकडे, पाटावर बसून एका हिरव्या पडद्याच्या किनारीला हाताने टाके घालणाऱ्या सासूबाई खुदकन हसल्या आणि मग दोरा तोडायच्या निमित्ताने तोंड खाली घालून बसल्या. सून नर्सच्या पांढऱ्या बुटांसकट दारातच उभी होती. बूट काढायला वाकलं तर भांडणातला जोर जाईल, असं तिला वाटत असावं.

झालं होतं ते असं. त्या सकाळी चर्चमध्ये संडे स्कूलच्या बाईंनी मुलांना विचारलं, दावीद राजाबद्दल कोणाला काय माहीत आहे. कोणी म्हणालं, त्याने गोफणीने राक्षसाला मारलं. कोणी म्हणालं, तो वाद्य वाजवायचा. मग ह्यांची नात उठली. वय आठ, अंगाने काडी, जिभेने तिखट, म्हणून घरात तिला टिचकी म्हणत. तिने सांगितलं की दावीद मोठा झाल्यावर त्याने शेजारच्या बाईला पाण्याच्या मोठ्या बादलीत घातलं, ती हुंदके देत होती तरी सोडलं नाही, ती गप्प झाल्यावर सोडलं, आणि मग तो रडला आणि देवाने त्याला माफ केलं. बाई म्हणाल्या, असं नाहीये बाळा. टिचकी म्हणाली, असंच आहे, मी स्वतः ऐकलंय. पाण्याचा आवाज, मग व्हायोलिन, मग बाईचं रडणं, मग काहीच नाही. वर्गातली दोन लहान मुलं तिथेच भोकाड पसरून रडली. त्यातल्या एकीने, पिंट्याच्या धाकट्या बहिणीने, घरी जाऊन सांगितलं की ती आता आंघोळ करणार नाही, निदान राजा मरेपर्यंत तरी नाही. दुपारपर्यंत सुनेला तीन आयांचे फोन आले, तेही वॉर्डात, पेशंटला सलाईन लावत असताना.

सासऱ्यांना, म्हणजे पडदेवाल्यांना, ह्या सगळ्यात आपलं काय चुकलं तेच कळेना.

गावभर त्यांना पडदेवाले म्हणत. चर्चमधली तरुण मंडळी पडदेकाका म्हणायची. लोकांच्या खिडक्यांची मापं घेऊन पडदे शिवायचे, दांड्या ठोकायच्या, कड्या ओवायच्या, हे त्यांनी विशीपासून केलेलं एकच काम. हॉस्पिटलच्या खाटांभोवतीचे हिरवे पडदेही त्यांच्याकडेच असत. कामामुळे त्यांना लोकांच्या झोपायच्या खोल्यांत शिरावं लागे, आणि इतक्या वर्षांत त्यांनी कोणाच्याही खोलीत खिडकीशिवाय दुसरीकडे पाहिलं नव्हतं. मोजपट्टी घेऊन ते भिंतीच्या कडेकडेने खिडकीपर्यंत जात आणि तसेच मागे येत. एका घरी पलंगावर यजमान आजारी पडलेले होते. तासभर काम करून बाहेर आल्यावर ह्यांनी बाईंना विचारलं, साहेब कामावर गेले वाटतं. लोकांची लाज आपल्या हातात आहे अशी त्यांची समजूत होती, आणि खरं सांगायचं तर ती अगदीच चुकीची नव्हती.

सिनेमाचं काम त्यांच्याकडे अपघाताने आलं. खूप वर्षांपूर्वी चर्चच्या हॉलमध्ये बायबलमधल्या गोष्टीवरचा एक सिनेमा दाखवत होते. आजीपासून नातवंडांपर्यंत हॉल भरलेला. एकाएकी पडद्यावर एका दुष्ट राजाचा दरबार आला, आणि दरबारात एक बाई नाचायला लागली. तिच्या अंगावर कपडे होते, पण ते कधीही निसटतील अशा बेताने बांधलेले. तेव्हाचे म्हातारे पाळक खुर्चीत दगड होऊन बसले. बापे मंडळी छताकडे बघायला लागली, पण एका डोळ्याने. पडदेवाले स्टेजच्या बाजूला बसले होते, कारण स्टेजचा मोठा मखमली पडदा त्यांनी त्याच आठवड्यात लावला होता आणि तो नीट सरकतो का ह्याची त्यांना काळजी होती. त्यांनी दोरी ओढली. पडदा झरझर सरकला, नाचणारी बाई झाकली गेली, आणि सगळ्या हॉलने एकदम श्वास सोडला. कार्यक्रम संपल्यावर म्हाताऱ्या पाळकांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, यापुढे कुठलाही सिनेमा आधी तुम्ही बघायचा, मग आम्ही.

तेव्हापासून तेच. नवा सिनेमा आला की तो आधी पडदेवाल्यांच्या घरी जाई. ते तीनच निकाल देत: ‘घरचा आहे’, ‘मोठ्यांचा आहे’, आणि ‘कोणाचाच नाही’. कारण कोणी विचारत नसे. लोकांनी आयुष्यभर त्यांना एकच प्रश्न विचारला होता, पडदे कधी मिळतील. चर्चच्या दारात मात्र लोक त्यांना थांबवून विचारत, काय हो, बघण्यासारखा आहे का? त्या प्रश्नाने ते बोटभर उंच होत. हे बायकोला दिसे. ती काही बोलत नसे, पण रविवारचा त्यांचा शर्ट ती स्वतः इस्त्री करी, सुनेला करू देत नसे.

घरच्या टीव्हीला पडदा शिवला तो याच काळात. एका मोठ्या हॉटेलचं काम करून उरलेली गडद लाल मखमल होती. त्यांनी टीव्हीच्या वर पितळी दांडी ठोकली, चुण्या घालून, मागून अस्तर लावून पडदा शिवला, आणि त्याची दोरी खोलीच्या कडेने फिरवून आपल्या खुर्चीच्या हातापर्यंत आणली. तो पडदा इतका सुबक होता की पाहुणे बातम्या लागल्या तरी अदबीने बसत. घरात सिनेमा लागला आणि नको ते येऊ घातलं की दोरी ओढायची. पडदा बंद. आवाज मात्र चालूच राही. आवाज बंद केला तर नको ते संपलं कधी हे कसं कळणार?

त्यांचा मुलगा, टिचकीचा बाप, ह्याच पडद्याखाली वाढला. लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम होतं त्याचं, आणि त्या आठवड्यात तो दुसऱ्या गावी एका बंद पडलेल्या लिफ्टपाशी होता, म्हणून या भांडणातून सुटला. पण त्याची गोष्ट घरात प्रसिद्ध होती. शमशोनाच्या सिनेमात तो बलवान शमशोन बाईच्या मांडीवर डोकं ठेवतो तिथे पडदा बंद व्हायचा, आणि उघडायचा तेव्हा त्याचं टक्कल झालेलं असायचं. बाईने झोपेत त्याचे केस कापले हा भाग मुलाला लग्न ठरेपर्यंत माहीत नव्हता. त्याची समजूत होती, शमशोनाला टायफॉइड झाला.

“आणि खिळे चालतात तुम्हाला,” सून आता आत येऊन खुर्चीवर बसली होती. “प्रभूच्या हातात खिळे ठोकतात ते सगळं उघडं. हातोड्यासकट. महिनाभर झोपेत ओरडत होती पोरगी. तेव्हा दोरी कुठे गेली होती?”

“ते शास्त्रात आहे,” पडदेवाले म्हणाले.

“त्या बाईची आंघोळपण शास्त्रातच आहे.”

ह्यावर ते टाचण्यांच्या उशीकडे बघायला लागले. आंघोळ शास्त्रात आहे हे त्यांना माहीत होतं. पण वाचताना पान उलटता येतं.

सुनेचं म्हणणं साधं होतं: दहा वर्षांची होईपर्यंत टिचकीला हे असले सिनेमे नकोतच, पडद्यासकट नको आणि पडद्याविना नको. सासऱ्यांचं म्हणणं होतं, देवाच्या गोष्टी लहानपणीच कानावर पडल्या पाहिजेत. सासूबाई त्यावर एवढंच म्हणाल्या, की कानावर पडल्या म्हणून तर हे झालं.

भांडण तिथेच मिटलं असतं, पण संध्याकाळी पाळक आले. हे नवे पाळक, वयाने पडदेवाल्यांच्या मुलाएवढे, स्वभावाने गरीब. बशीतलं बिस्किट हातात धरून ते बराच वेळ बसले. मग त्यांनी एका दमात सांगितलं. दावीदाचा हाच सिनेमा शनिवारी हॉलमध्ये सगळ्या कुटुंबांसाठी लावायचा ठरला होता, पडदेकाकांनी तो ‘घरचा आहे’ म्हटला होता म्हणूनच. आता बादलीच्या प्रकरणानंतर कमिटीतले काहीजण म्हणत होते, की काका थकले, हे काम संडे स्कूलच्या बाईंकडे द्यावं. त्या फोनमध्ये बघून लगेच सांगतात, कितव्या वर्षापासून चालेल ते.

“फोनला काय कळतं?” पडदेवाले म्हणाले.

“मी तेच म्हणालो, काका. म्हणून म्हटलं, तुम्हाला पुन्हा एकदा विचारू. फक्त यावेळी कारणं लागतील. काय आहे, काय नाही, मुलांना का चालेल. मी गुरुवारी येतो.” बिस्किट तसंच ठेवून पाळक गेले.

कारणं. पडदेवाले त्या संध्याकाळी जेवायला बसले आणि घास हातात घेऊन बसूनच राहिले. काम गेलं असतं तर घरात काही कमी पडणार नव्हतं. पण चर्चच्या दारात लोक त्यांना थांबवणार नव्हते. ते संडे स्कूलच्या बाईंना थांबवणार होते, आणि पडदेवाल्यांना फार तर खिडकीचं माप विचारणार होते.

खरी अडचण त्यांच्या बायकोला एकटीला माहीत होती. ती म्हणजे, त्यांनी एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. पाहिलेला नव्हता म्हणजे असा, की दोरी ओढल्यावर पडद्याच्या अलीकडे जशी बायकापोरं बसत तसेच तेही बसत. नको ते दिसण्याच्या आधीच पडदा बंद झाला पाहिजे, नाही तर उपयोग काय? म्हणून ते संगीतावर ओढत. व्हायोलिन हळू आवाजात सुरू झालं की दोरी. नगारे वाजले तर हरकत नाही. लढाईच असायची. घरी कोणी नसताना परीक्षण करायला बसले तरी हेच. एकदा ती बाजारातून लवकर परत आली, तर हे एकटेच बंद पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले, न्हाणीघराबाहेर आपली पाळी यायची वाट बघत उभ्या असलेल्या माणसासारखा चेहरा करून. ती तशीच मागच्या मागे स्वयंपाकघरात गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तिने ही गोष्ट आजवर कोणाला सांगितली नव्हती.

आता तिनेच विचारलं, “काय कारणं सांगणार?”

“बघू.”

“बघाच,” ती म्हणाली. “एकदा तरी.”

बुधवारी दुपारी टिचकी शाळेत असताना बैठक ठरली. सुनेची त्या दिवशी सुट्टी होती. तिने सांगून टाकलं, मी बसणार, कारण उद्या पुन्हा मला फोन आले तर मला माहीत पाहिजे काय खरं ते. सासूबाईंनी हिरवा पडदा मांडीवर घेतला, त्याचं एक टोक नवऱ्याच्या मांडीवर टाकलं, म्हणजे ओढला जाणार नाही. मग त्या उठल्या आणि त्यांनी खुर्चीच्या हातावरची दोरी सोडून वर दांडीला गुंडाळून टाकली.

“नुसती हातात असू दे,” पडदेवाले म्हणाले. “ओढत नाही.”

“नको.”

सिनेमा सुरू झाला. मेंढरं आली, गोफण आली, राक्षस पडला. सून म्हणाली, डोक्याला एवढा मार लागल्यावर माणूस असा सरळ पडत नाही. मग दावीद राजा झाला, दाढी आली, महाल आला. संध्याकाळची वेळ, राजा गच्चीवर फेऱ्या मारतोय, आणि दूर कुठेतरी पाणी ओतल्याचा आवाज. मग व्हायोलिन.

पडदेवाल्यांचा उजवा हात आपोआप उठला. तिथे दोरी नव्हती. हात तसाच खाली आला, मांडीवरच्या हिरव्या कापडात काहीतरी त्याच्या बोटांना लागलं आणि त्यांनी ते ओढलं. ओढतच राहिले. पण मान त्यांनी वळवली नाही, हे कबूल केलं पाहिजे. डोळे मिटले नाहीत. लोकांच्या खोल्यांत आयुष्यभर भिंतीकडे पाहिलेला माणूस, तो पहिल्यांदाच समोर बघत बसला.

एक बुटकी गच्ची दिसली. मातीची घागर. एका बाईचा ओला खांदा आणि पाठीवर पसरलेले केस. ती बथशेबा, राजाच्या एका शिपायाची बायको. लगेच पुन्हा राजाचा चेहरा. मग एक सेवक तिला बोलवायला आला, दार बंद झालं, आणि नंतर ती अंधाऱ्या खोलीत एकटी बसून रडत होती.

“एवढंच?” पडदेवाले म्हणाले.

“एवढंच,” सून म्हणाली. “खांदा. आमच्या वॉर्डात याहून जास्त दिसतं, आणि ती माणसं तर दाखवायला राजीही नसतात.”

ते खुर्चीत जरा पुढे सरकले. मग म्हणाले, “जरा मागे घे.”

“कशाला?” हे बायकोने विचारलं.

“परीक्षण आहे.”

“एकदा पुरे,” ती म्हणाली, आणि सिनेमा पुढे गेला.

पुढे राजा जेवायला बसलेला. हे दृश्य पडदेवाल्यांना चांगलं माहीत होतं. ह्यात ना बाई ना व्हायोलिन, त्यामुळे इथे पडदा नेहमी उघडा असे. आणि त्यांना ते आवडेही, कारण राजाच्या मागे खिडकीला एक भारी पडदा होता. टिचकीला तो त्यांनी बोट करून दाखवला होता. बघ, दुहेरी अस्तर आहे, म्हणून चुण्या कशा जडपणे पडल्यात. त्या पडद्यापुढे बसून राजा काय बोलतो हे मात्र त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

आज ऐकलं. राजा द्राक्षं खात होता. समोर सेनापती उभा होता. राजाने त्याला सांगितलं, त्या अमुक शिपायाला लढाईत सगळ्यात पुढे ठेव, आणि मग बाकीच्यांना मागे घे. आवाज चढवला नाही. एक द्राक्ष नासकं निघालं, ते ताटाच्या कडेला ठेवलं, दुसरं घेतलं.

“हा शिपाई कोण?” पडदेवाल्यांनी विचारलं.

“तिचा नवरा, बाबा.”

“त्या खांद्यावालीचा?”

“हो.”

शिपाई दिसला. लढाईवरून बोलावून घेतलेला, धुळीने माखलेला. राजाने त्याला घरी जाऊन झोप म्हटलं होतं, पण सोबती उघड्यावर असताना आपण घरात कसं झोपायचं, म्हणून तो महालाच्या दाराशीच अंगावर घोंगडी ओढून झोपला होता. सकाळी उठून त्याने ती नीट घडी घातली आणि परत लढाईवर गेला. ती घडी पाहून पडदेवाल्यांनी मान हलवली. कोपऱ्याला कोपरा लावून घातलेली घडी होती.

“त्याला कळलं नाही?”

“नाही,” सून म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

मग नगारे वाजले, शिपाई एकटा पुढे राहिला आणि पडला. त्यानंतर एक म्हातारा संदेष्टा आला. त्याने राजाला एका श्रीमंताची गोष्ट सांगितली, ज्याने स्वतःचा कळप सोडून गरिबाची एकुलती मेंढी मारली. राजा त्या श्रीमंतावर संतापला, आणि म्हातारा म्हणाला, तो माणूस तूच. मग राजा जमिनीवर पडून रडला. इथे नेहमी पडदा उघडा असे, घरातल्या सगळ्यांनी हे रडणं अनेकदा पाहिलेलं होतं.

“आत्ता कळलं,” सासूबाई म्हणाल्या. “इतकी वर्षं मला वाटायचं, ह्याला बायको रागावली असेल.”

पडदेवाले हसले नाहीत. “त्या जेवणाच्या वेळी मी पोरीला अस्तर दाखवत होतो,” ते म्हणाले.

सासूबाईंनी उठताना मांडीवरचं कापड उचललं आणि पाहिलं, तर सकाळपासून घातलेला कच्चा टाका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवलेला होता आणि दोऱ्याचं भेंडोळं नवऱ्याच्या मुठीत होतं. त्यांनी ते मुठीतून सोडवून घेतलं आणि पुन्हा सुई ओवायला बसल्या.

गुरुवारी पाळक आले. टिचकी जमिनीवर बसून चित्रात रंग भरत होती, म्हणजे कान टवकारून ऐकत होती. पडदेवाल्यांनी रविवारचा शर्ट घातला होता. तोंडात एकही टाचणी नव्हती.

“सिनेमा चांगला आहे,” ते म्हणाले. “राजा चांगला नाही.”

पाळकांनी कप खाली ठेवला. “पण काका, राजा तर शास्त्रातलाच आहे.”

“असेल. मी आजवर त्याला फार चांगला समजत होतो. आंघोळीचं दाखवा, त्यात काही नाही. घागर आहे. जेवणाचं मात्र मुलांना असं तसं दाखवू नका.”

“जेवणाच्या दृश्यात तर काहीच नाहीये.”

“तेच सांगतोय मी तुम्हाला.”

पाळकांनी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, ते बरोबर सांगतायत, आणि हे वाक्य आपल्या तोंडून आलं ह्याचं तिलाच आश्चर्य वाटलेलं दिसलं. आजवर ह्या विषयावर सासरे-सुनेचं एकमत झालेलं नव्हतं.

तेवढ्यात टिचकीने रंगाची कांडी खाली ठेवली. “आजोबा, मग त्या बाईला बुडवलं नाही?”

खोलीत सगळे पडदेवाल्यांकडे बघायला लागले. बायकोची सुई थांबली. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर गेला, तिथे काही नव्हतं, मग तो परत मांडीवर आला. एखाद्या अनोळखी घराच्या खोलीत शिरावं तसे ते त्या वाक्यात शिरले, पण या वेळी भिंतीच्या कडेने नाही.

“नाही,” ते म्हणाले. “ती आंघोळ करत होती. राजाने चोरून बघितलं. बघायला नको होतं. ती दुसऱ्याची बायको होती, तरी त्याने तिला बोलावून घेतलं, आणि तो राजा, म्हणून तिला नाही म्हणता आलं नाही. मग ते लपवायला त्याने तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला पाठवलं. नवरा चांगला माणूस होता.”

“आणि मग राजा रडला?”

“लगेच नाही. पकडला गेल्यावर.”

टिचकीने विचार केला. “हे बादलीपेक्षा वाईट आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“पण मग त्या पिंट्याच्या बहिणीला आंघोळ करायला हरकत नाही.”

“काहीच हरकत नाही,” सुनेने घाईने सांगितलं.

पाळकांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, काका, हेच कारण मला पाहिजे होतं. कमिटीला मी सांगतो. फोन वय सांगेल, हे सांगणार नाही. शनिवारी सिनेमाच्या वेळी हे असंच, एवढ्याच शब्दांत, तुम्ही हॉलमध्ये सांगा.

एवढ्याच शब्दांत हे पडदेवाल्यांना ऐकू आलं नाही. ते पुन्हा बोटभर उंच झाले होते. त्यांनी बसल्या जागी योजना मांडायला सुरुवात केली. जेवणाचं दृश्य आलं की सिनेमा थांबवायचा, दिवे लावायचे, आणि आपण पुढे उभं राहून पहिल्यापासून समजावून सांगायचं, गोफणीपासून. द्राक्षांचंही सांगायचं. शिपायाने घातलेली घडी प्रत्यक्ष घोंगडी घेऊन करून दाखवायची. संदेष्टा आला की पुन्हा थांबवायचा. आणि घरी आता दोन पडदे करावेत का, एक आंघोळीसाठी पातळ, एक जेवणासाठी जाड. पाळक ‘हो, हो’ म्हणत होते आणि हळूहळू खुर्चीच्या टोकाशी सरकत होते. सून म्हणाली, लढाईत रक्त किती आहे ते बघितलंत ना, टिचकी येणार की नाही हे अजून ठरायचंय. टिचकी म्हणाली, ठरलंय. सून म्हणाली, कोणी ठरवलं? सगळे एकाच वेळी बोलायला लागले.

सासूबाईंनी टाका पुरा केला, गाठ मारली, दोरा तोडला आणि हिरवा पडदा बाजूला ठेवला. त्यांनी आवाज चढवला नाही.

“शनिवारी आपण सगळे जाणार,” त्या म्हणाल्या. “सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा. मध्ये थांबवायचा नाही. टिचकी माझ्याशेजारी बसेल. काय विचारायचं ते मला विचारेल, हळू. लढाईत घाबरली तर मी तिला घेऊन बाहेर जाईन, आणि टिचकीची आई आतच बसेल, तिला महिन्यातून चार घटका बसायला मिळतं. ह्यांनी बोलायचं ते सिनेमा संपल्यावर, पाळक हात वर करेपर्यंत. घोंगडी न्यायची नाही. आणि ह्यांनी मधल्या खुर्चीत बसायचं, भिंतीकडच्या नाही. भिंतीवर दिव्यांची बटणं आहेत.”